शेळीपालकांची शेतीशाळा कशी चालवावी: गाभण ते बाजार, आठ महिन्यांचा अभ्यास

मांसासाठी शेळ्या पाळणाऱ्या घरात "यंदा शेळ्यांनी किती दिले?" असे विचारले, की उत्तर येते, "आखाडात दोन बोकड गेले, लेकीच्या लग्नाला पाच विकले." आलेले पैसे लक्षात राहतात, कारण ते एकदम येतात. गेलेले राहत नाहीत, कारण ते पेंडीच्या पोत्याने, औषधाच्या बाटलीने, मेलेल्या करडाने थोडेथोडे गेलेले असतात. प्रशिक्षणाने आधी हीच उणीव भरून काढली पाहिजे. दोन दिवसांच्या वर्गात जातींची चित्रे आणि उंच गोठ्यांचे फोटो पाहून माणूस घरी येतो आणि पहिला खर्च गोठ्यावर करतो. शेळी मात्र होती तशीच राहते.

म्हणून या शेतीशाळेचे उद्दिष्ट एकच ठेवा. शेवटच्या दिवशी प्रत्येक सभासदाला आपल्या कळपात जिवंत वजनाचा एक किलो तयार व्हायला किती रुपये लागले, हे स्वतःच्या वहीतून सांगता आले पाहिजे. खुराक, लस, बोकड, विक्री हे सगळे विषय त्या आकड्याला जोडून शिकवायचे.

मुदत आठ महिन्यांची, कारण शेळी साधारण १५० दिवसांनी विते आणि करडू तीन महिन्यांचे झाले की आईपासून तोडता येते. पाच आणि तीन मिळून आठ. एवढ्यात एक पूर्ण वेत सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून जाते. सुरुवात जूनच्या मध्याला केलेली बरी. पावसाने हिरवे मिळू लागले की शेळ्या माजावर येण्याचे प्रमाण वाढते, करडे नोव्हेंबरअखेर जन्मतात, आणि ऐन पावसाळ्यातल्या ओल्या गोठ्यात नाजूक पिले सांभाळण्याची वेळ येत नाही.

गट आणि सामान

बारा ते पंधरा घरे पुरेत, प्रत्येकाकडे दहा ते चाळीस शेळ्या. त्याहून मोठा गट झाला की मागचे लोक फक्त ऐकतात, शेळीला हात लावत नाहीत. घरात शेळ्यांचे काम बहुतेक बाई करते आणि प्रशिक्षणाला पुरुष येतो. नाव बाईचेच घाला, किंवा दोघांचे. वर्गाची वेळ दुपारी बारा ते दोन ठेवा, कळप चरून परत आलेला असतो. आठवडी बाजाराचा दिवस टाळा.

गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना निदान तीन वर्गांना बोलवा: बोकड तपासणी, लसीकरण आणि शेवटचा हिशोब. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील पशुविज्ञानाचे तज्ज्ञ आणि गावात पशुसखी (जनावरांच्या देखभालीचे प्रशिक्षण घेतलेली गावातलीच बाई) असेल तर ती, असे दोघे मिळून बाकीचे वर्ग चालवू शकतात.

सामान फार लागत नाही. ५० किलोपर्यंतचा टांगता डिजिटल काटा, शिवणकामाची टेप, क्रमांकाचे बिल्ले, दोनशे पानी वही, टिंक्चर आयोडीनची बाटली, एक थर्मामीटर आणि भिंतीवर लावायचे मोठे कॅलेंडर. काटा गटाने मिळून एकच घ्यावा. घरोघर वेगवेगळे काटे असले की आकडे जुळत नाहीत आणि वाद काट्यावरच अडकतो.

पहिला वर्ग: वजन आणि वही

मोकळ्या जागी आडव्या वाशाला काटा टांगा. छोट्या करडाला खताच्या रिकाम्या धुतलेल्या पिशवीत, मान बाहेर ठेवून, उभे करा आणि पिशवीचे दोन्ही कान आकड्यात अडकवा. आधी रिकामी पिशवी टांगून काटा शून्यावर आणा. मोठ्या शेळीसाठी पोटाखालून जाणारा रुंद पट्टा करा. बारीक दोरी रुतते, शेळी झटके देते आणि आकडा स्थिर होत नाही.

वजन नेहमी सकाळी, चरायला सोडण्याआधी आणि पाणी पाजण्याआधी घ्यायचे. हे फार महत्त्वाचे आहे. पोटभर चरून पाणी प्यालेली २५ किलोची शेळी सहज दोन किलोंनी जड भरते. एका महिन्यात सकाळी आणि दुसऱ्या महिन्यात संध्याकाळी वजन घेतले, तर वाढ झाली की नुसते पोट भरले होते, हे कळणार नाही.

काटा हाताशी नसेल तर टेपने अंदाज काढता येतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात घ्या, खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या हाडापर्यंत लांबी इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलो. घेर २६ आणि लांबी २४ असेल तर २६ × २६ × २४ = १६,२२४; भागिले ६६०, म्हणजे साधारण साडेचोवीस किलो. गाभण शेळीला हे सूत्र लावू नका.

वहीत प्रत्येक शेळीला एक पान. वर बिल्ल्याचा क्रमांक, दातांवरून वय, आजचे वजन. खाली पाच रकाने: बोकड लावल्याची तारीख, व्याल्याची तारीख, किती करडे झाली, तीन महिन्यांनी किती जिवंत राहिली, त्यांचे तेव्हाचे वजन. एवढेच. वीस रकान्यांचे छापील रजिस्टर दिले की ते पहिल्या महिन्यानंतर कोरे राहते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी शाळेत जाणारी मुले लिहितील, पण आकडे सांगायचे काम घरच्या बाईचेच.

दुसरा वर्ग: किलोमागचा खर्च

हा वर्ग रेंगाळला तरी चालेल. फळ्यावर दोन कळपांचा हिशोब मांडा. पुढचे दर समजण्यासाठी धरलेले आहेत. वर्गात आपल्या गावचे घाला.

दोन्हीकडे २० शेळ्या आणि एक बोकड. पहिल्या कळपात शेळी वर्षातून एकदा विते, दर वेताला सरासरी १.४ करडे, म्हणजे २८. त्यातली ७ मरतात, २१ उरतात. प्रत्येक १८ किलोचे विकले, एकूण ३७८ किलो. दुसऱ्या कळपात शेळी नऊ महिन्यांनी विते, वर्षाला साधारण २६ वेत, दर वेताला १.६, म्हणजे ४२ करडे. त्यातली ४ मरतात, ३८ उरतात. प्रत्येकी २० किलो, एकूण ७६० किलो. ठेवलेली पाठ (अजून न व्यालेली तरुण शेळी) आणि विकलेली म्हातारी शेळी यांचे वजन एकमेकांत वळते केले असे समजा.

आता पहिल्या कळपाचा खर्च. शेळ्यांना २०० ग्रॅम खुराक १५० दिवस, म्हणजे ६०० किलो, २८ रुपयांनी १६,८००. करडांना १०० ग्रॅम १०० दिवस, २१० किलो, ५,८८०. भुसा १,२०० किलो, ८ रुपयांनी ९,६००. दहा गुंठे हिरव्या चाऱ्याचे बेणे, खत, पाणी ८,०००. लस आणि औषध ५,०००. गोठा ६०,००० चा, दहा वर्षे टिकेल असे धरून वर्षाचे ६,०००. बोकडाच्या किमतीतली घट आणि त्याचा खुराक ८,५००. घरच्या माणसाचे रोज तीन तास, तासाला ४० रुपये, ४३,८००. बेरीज १,०३,५८०. भागिले ३७८ किलो, म्हणजे किलोला २७४ रुपये.

दुसऱ्या कळपात शेळ्यांचा खुराक ५० दिवस जास्त, त्याचे ५,६००. करडे जास्त, त्यांचे ४,७६०. औषधपाणी ३,००० ने जास्त. बेरीज १,१६,९४०. भागिले ७६०, म्हणजे किलोला १५४ रुपये.

इथे थांबा आणि गटाला विचारा, की जादा ३८२ किलो कितीला पडले. खर्च वाढला १३,३६०. म्हणजे जादा किलो ३५ रुपयांना पडला. कारण माणूस तोच, गोठा तोच, बोकड तोच. शेळ्यांची संख्या वाढवण्याआधी आहे त्या शेळीमागे जगलेली करडे का वाढवायची, याचे उत्तर या एका भागाकारात आहे, आणि ते प्रत्येकाने स्वतःच्या हाताने केले पाहिजे.

चुका कुठे होतात तेही दाखवा. भागाकार करताना व्यालेल्या शेळ्याच मोजतात, भाकड राहिलेल्या सोडून देतात. पण खाल्ले तिनेही. जत्रेला घरी कापलेला बोकड उत्पन्नात धरत नाहीत. शेतातला कडबा फुकट समजतात. तो विकला असता तर पैसे आले असते, म्हणून तो बाजारभावाने लिहा. आणि गोठा. दोन लाखांचा गोठा वीस शेळ्यांवर बांधला आणि दहा वर्षे धरला, तर शेळीमागे वर्षाला एक हजार रुपये नुसत्या भिंती-पत्र्याचे होतात. मोठ्या शेळीला दहा-बारा चौरस फूट कोरडी जागा, त्याच्या दुप्पट मोकळे अंगण, वरून न गळणारे छप्पर आणि खालून निचरा एवढे पुरते.

तिसरा वर्ग: बोकड लावण्याआधीचे तीन आठवडे

शेळी जुळी देईल की एकच, याचा बराच भाग बोकड लागण्याच्या वेळी तिच्या अंगावर किती मांस आहे यावर ठरतो. हे हाताने शिकवायचे. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर अंगठा आणि बोटे ठेवून कणा चाचपा. कण्याची टोके करवतीसारखी लागली आणि बाजूला खड्डा असला तर शेळी खराब आहे. टोके दाबल्यावर जाणवतात पण बोचत नाहीत, बाजूला मांस भरलेले आहे, तर योग्य. टोके लागतच नसतील तर ती चरबीने भरली आहे, आणि अशी शेळीही वेळेवर गाभण राहत नाही. प्रत्येकाने पाच शेळ्या चाचपून मत सांगायचे, मग सगळ्यांनी मिळून पडताळायचे. केसाळ शेळीत डोळा फसतो, हात फसत नाही.

खराब शेळीला बोकड लावण्याआधी तीन आठवडे रोज २५० ग्रॅम भरडा किंवा खुराक जादा द्या आणि बोकड लावल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. त्याआधी जंत तपासून घ्या, नाहीतर तो खुराक जंतांना जातो.

बोकड निवडताना रंग आणि कान यांवर भाळू नका. तो जुळ्यातला असावा, त्याच्या आईची वही असावी, दोन्ही वृषणे सारखी, घट्ट आणि खाली उतरलेली असावीत, मागचे पाय सरळ असावेत. २५ शेळ्यांना एक बोकड पुरतो. उस्मानाबादी शेळी धाराशिव, लातूर, बीड, सोलापूरकडच्या उन्हात आणि काटेरी पाल्यावर तयार झालेली आहे, जुळी देण्यात ती नावाजलेली आहे. अहिल्यानगर-नाशिककडे संगमनेरी, विदर्भात बेरारी, सिंधुदुर्गात कोकण कन्याळ आहे. आपल्या भागातल्या जातीतला निवडक बोकड बाहेरच्या महागड्या बोकडापेक्षा पहिल्या पाच वर्षांत जास्त फायदा देतो, असे आमचे ठाम मत आहे. बाहेरचा भारी बोकड मोठ्या अंगाची करडे देतो, पण त्यांना खाऊही तेवढेच लागते, आणि चराईवरच्या कळपात ते मिळत नाही.

दीड-दोन वर्षांनी बोकड बदला, नाहीतर तो आपल्याच लेकींना लागतो. मग करडे कमजोर होतात, वजन घटते, आणि दोष मात्र खुराकाला दिला जातो. गटातल्या गटात अदलाबदल करणे सर्वांत स्वस्त. मात्र त्याआधी डॉक्टरांकडून ब्रुसेलोसिससाठी रक्ततपासणी करून घ्या. गर्भपात घडवणारा हा आजार आहे आणि माणसालाही लागतो.

माज २४ ते ३६ तास टिकतो. शेपूट सतत हलवणे, ओरडणे, दुसरीवर चढणे, निरणाला सूज आणि चिकट स्राव ही लक्षणे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी बोकड दाखवा आणि तारीख लगेच कॅलेंडरवर लिहा. त्या तारखेपुढे १९ ते २१ दिवसांवर खूण करा. त्या दिवसांत शेळी पुन्हा माजावर आली तर ती राहिलेली नाही. ही खूण नसेल तर भाकड शेळी पाच महिने गाभण समजून पोसली जाते. पाठीला निव्वळ वयावरून बोकड लावू नका. दहा-बारा महिने आणि निदान २२ किलो, दोन्ही हवे. व्यालेल्या शेळीला अडीच-तीन महिन्यांनी पुन्हा बोकड लावला, की आठ-नऊ महिन्यांचे अंतर साधते.

जुलै-ऑगस्टात शेळ्या व्यायला नको असतील, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये बोकड वेगळा बांधा. एवढी एक गोष्ट केली तरी पावसाळ्यातली मर बरीच कमी होते.

चौथा वर्ग: खुराक, मापाने

प्रत्येकीने आपल्या घरचे मापटे किंवा वाटी घेऊन यायचे. त्यात खुराक भरून काट्यावर ठेवायचा. "एक वाटी देते" म्हणणाऱ्या दोन घरांत एकीची वाटी १२० ग्रॅमची आणि दुसरीची ३०० ची निघू शकते. वाटीवर वजनाची खूण करून द्या.

तीस किलोच्या शेळीला दिवसाला चाऱ्यातले पाणी वगळून साधारण एक ते सव्वा किलो कोरडा भाग पोटात जायला हवा. तो तीन-साडेतीन किलो हिरवे आणि अर्धा किलो भुसा किंवा कडबा यांतून भागतो. चराई चांगली असेल तेव्हा कमी द्या, उन्हाळ्यात पूर्ण द्या. तुरीचा आणि हरभऱ्याचा भुसा शेळ्या आवडीने खातात. गव्हाच्या भुशात त्या निवडत बसतात आणि निम्मा तुडवतात. चारा जमिनीवर टाकू नका. शेवरी, हदगा, सुबाभूळ यांच्या फांद्या जुडी बांधून तोंडाच्या उंचीला टांगा. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, त्यातल्या मायमोसिन या विषारी घटकामुळे केस गळतात आणि वाढ खुंटते. बांधावर शेवरी-हदगा आणि दहा गुंठ्यांत दशरथ घास किंवा लसूणघास आणि बहुवर्षायू गवत, हे वीस शेळ्यांच्या घराला मोठा आधार देते.

घरी खुराक करायचा तर १०० किलोसाठी मका भरडा ४०, शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड २५, तूर चुनी १५, गव्हाचा कोंडा १७, खनिज मिश्रण २, मीठ १. खनिज आणि मीठ आधी दोन किलो कोंड्यात कालवून मग ढिगावर पसरा, नाहीतर ते एका कोपऱ्यात राहते. पेंडीला बुरशीचा वास असेल तर ती फेका. गाभण शेळीला ती घालणे फार महागात पडते.

खुराक कुणाला आणि कधी, हे ठरलेले असावे. गाभणपणाचे शेवटचे सहा आठवडे २५० ते ३५० ग्रॅम, कारण पोटातल्या करडाची बहुतेक वाढ याच काळात होते. व्याल्यावर जुळी पाजणारीला तेवढाच. मधल्या काळात चरून आलेल्या, रिकाम्या शेळीला खुराकाची गरज नसते. सगळ्यांना सारखा शंभर ग्रॅम देणे म्हणजे गाभणीला कमी आणि भाकडीला उगाच.

बदल दहा-बारा दिवसांत हळूहळू करा. सुगीत ज्वारीच्या राशीवर तोंड घातलेली किंवा लग्नातला उरलेला भात खाल्लेली शेळी काही तासांत सुस्त होते, दात खाते, रवंथ थांबतो, पातळ जुलाब होतो. पोटात आम्ल झालेले असते. १५-२० ग्रॅम खायचा सोडा पाव लिटर पाण्यात मिसळून, मान फार वर न उचलता, हळूहळू पाजा आणि डॉक्टरांना बोलवा. धान्य लगेच थांबवा. खच्ची केलेल्या किंवा बंदिस्त बोकडांना नुसता भरडा-कोंडा भरपूर घातला की लघवीत खडे होतात. बोकड पाठ वाकवून थेंबथेंब लघवी करताना दिसला तर तासाभराचाही उशीर नको. चाऱ्याचे प्रमाण, मीठ आणि स्वच्छ पाणी यांवर हे टळते.

पाचवा वर्ग: विणे आणि पहिले दहा दिवस

करडे मरतात ती बहुतेक या दिवसांत. म्हणून हा वर्ग नोव्हेंबरात, गटातली एखादी शेळी विणार असेल त्याच दिवशी, तिच्याच गोठ्यात घ्या.

जन्मल्याबरोबर नाक-तोंड पुसा, आईला चाटू द्या. नाळ दोन बोटे ठेवून, उकळलेल्या दोऱ्याने बांधून, निर्जंतुक कात्रीने कापा आणि टोक टिंक्चर आयोडीनच्या छोट्या वाटीत बुडवा. नुसता बोळा फिरवून चालत नाही. आईच्या सडातली पहिली चिकट धार जमिनीवर काढा, म्हणजे सड मोकळा होतो, आणि अर्ध्या ते एक तासात चीक पाजा. पहिल्या २४ तासांत वजनाच्या दहाव्या भागाएवढा चीक पोटात गेला पाहिजे. दोन किलोच्या करडाला २०० मिली, तीन-चार वेळा विभागून. जुळ्यात धाकटे मागे पडते. त्याला हाताने सडाला लावा. करडाला स्वतःची रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नसते, ती चिकातूनच येते, आणि काही तासांनंतर आतडे ती घेऊ शकत नाही. "वार पडल्याशिवाय पाजू नये" ही जुनी समजूत कितीतरी करडांचा जीव घेते. ती वर्गात नाव घेऊन खोडा.

सकाळी निपचित पडलेले करडू दिसले, तर आधी त्याच्या तोंडात बोट घाला. तोंड गरम आणि चोखायची ओढ असेल तर चीक पाजा. तोंड गार असेल तर दूध ओतू नका. ते श्वासनळीत जाते. कोरड्या गोणपाटात गुंडाळून, कोमट पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना ठेवून आधी ऊब द्या, तोंड गरम झाल्यावर पाजा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कोवळा पाला आणि चिमूटभर खुराक समोर ठेवा. मोठ्या शेळ्या आत शिरू नयेत असा, फक्त करडे जातील एवढ्या फटीचा, छोटा कोपरा करा. ओल्या, गच्च गोठ्यात तीन आठवड्यांपासून चार महिन्यांपर्यंत रक्ती हगवण लागते. औषधाआधी जमीन कोरडी करा, चुना मारा आणि करडांची दाटी मोडा.

सहावा वर्ग: जंत आणि लस

खालची पापणी हळूच ओढून आतला रंग पाहायला शिकवा. लालबुंद असेल तर औषध नको. गुलाबी असेल तर लक्ष ठेवा. पांढुरकी असेल तर रक्त पिणारे जंत भरले आहेत. फामाचा नावाचे रंगपत्रक यासाठीच असते. पाहणी उजेडात, सगळ्यांची, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी. सरसकट दर महिन्याला सगळ्या कळपाला औषध दिल्याने औषधालाच न जुमानणारे जंत तयार होतात. तसेच अंदाजाने कमी मात्रा दिल्यानेही. २८ किलोच्या शेळीला २० किलोची मात्रा दिली तर निवडक चिवट जंत मागे राहतात. म्हणून वजनाची वही इथेही लागते. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडॅझोल देऊ नका. डबक्याकाठी, गोगलगायी असलेल्या ओल्या गवतात चारणे टाळा. तिथून यकृतातले चपटे कृमी येतात.

पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस करडू तीन महिन्यांचे झाल्यावर एकदा, तिचे संरक्षण तीन वर्षे धरतात. आंत्रविषाराची पावसाळ्याआधी, पहिल्यांदा टोचताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते, आणि ती चुकवली की पहिलीही वाया जाते. घटसर्प, लाळ्या खुरकूत, देवी यांच्या तारखा दवाखान्याकडून घेऊन कॅलेंडरवर घाला. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. पिशवीत घालून उन्हात आणलेली लस टोचली तरी उपयोग शून्य. बाजारातून आणलेली शेळी २१ दिवस वेगळी बांधा, चारा-पाण्याची भांडी वेगळी, आणि तिचे काम सगळ्यात शेवटी करा. सबंध गावात पीपीआर शिरतो तो बहुतेक वेळा अशाच एखाद्या स्वस्तात आणलेल्या शेळीबरोबर.

सातवा वर्ग: विक्री

विक्रीच्या दिवशी गटाने काटा घेऊन बसायचे. आधी प्रत्येक बोकडाचे वजन डोळ्याने सांगायचे, मग काट्यावर पाहायचे. व्यापाऱ्याचा डोळा रोज शेकडो बोकड पाहून तयार झालेला असतो, आपला नाही. उक्त्या, म्हणजे वजन न करता नगावर ठरवलेल्या, भावात तो फरक त्याच्या खिशात जातो. आपले वजन आणि आपला किलोमागचा खर्च हे दोन आकडे माहीत असले, की भाव किती खाली गेला तर बोकड परत न्यायचा, हे घरूनच ठरवून निघता येते. दहा-पंधरा बोकड एकत्र केले तर व्यापारी गावात येतो, वाहतुकीतले दीड-दोन किलोंचे नुकसान वाचते.

बोकड कधीपर्यंत ठेवायचा, याचा हिशोब असा. रोज ६० ग्रॅम वाढतो, भाव ४०० धरला तर २४ रुपये मिळवतो. ३०० ग्रॅम खुराकाचे साडेआठ आणि चाऱ्याचे पाच मिळून खर्च साडेतेरा. ठेवा. वाढ २० ग्रॅमवर आली तर मिळकत ८ रुपये, खर्च तोच. विका. म्हणून विक्रीच्या वयाजवळ पंधरा दिवसांनी वजन हवे.

आखाड, धुळवड, चैत्र-वैशाखातल्या जत्रा यांना मागणी चढते. श्रावण आणि मार्गशीर्षात उतरते. नोव्हेंबरअखेरची करडे आखाडाला सात महिन्यांची, १६ ते १९ किलोंची होतात. बकरी ईदचे गणित वेगळे. त्यासाठी बोकड पूर्ण वर्षाचा लागतो, आणि दोन दाती, म्हणजे पुढचे दोन कायमचे दात आलेला, असला तर वयाचा वाद राहत नाही. दोन दात साधारण १३ ते १५ महिन्यांनी येतात. त्यात पाच महिने गाभणपणाचे घाला, म्हणजे ईदेच्या वीस महिने आधी बोकड लावलेला असावा. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, तेव्हा हे कॅलेंडर दरवर्षी पुन्हा मांडा. या बोकडांची शिंगे, कान, पाय शाबूत हवेत. वहीच्या क्रमांकाचा बिल्ला गळ्यात बांधा. मुंबईतल्या देवनारसारख्या मोठ्या बाजारात न्यायचा विचार असेल, तर वाहतूक, जागा, चारा आणि परत आणावे लागले तर त्याचाही खर्च आधी धरा. औषध किंवा इंजेक्शन दिलेले जनावर, बाटलीवर लिहिलेले थांबण्याचे दिवस संपल्याशिवाय विकू नका.

आठवा वर्ग: कोण राहील, कोण जाईल

आता प्रत्येक शेळीचे पान भरलेले आहे. तीन महिन्यांच्या करडांचे एकूण वजन शेळीवार मांडा आणि उतरत्या क्रमाने लावा. वरच्या शेळ्यांच्या पाठी ठेवा. गरजेच्या वेळी हीच चांगली पाठ सगळ्यात आधी विकली जाते, कारण तिला गिऱ्हाईक लगेच मिळते. म्हणून त्यांच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा पट्टा आजच बांधा. तळाच्या शेळ्या विका: दोनदा बोकड लावूनही न राहिलेली, कासेचा एक भाग निकामी झालेली, दोन वेतांत करडे न जगवलेली, दात झिजलेली.

राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या घटकाला भांडवली खर्चाच्या निम्मे, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान मिळते. अर्ज करण्यापूर्वी सभासदाने आपला किलोमागचा खर्च फळ्यावर लिहावा. तो विक्रीच्या भावापेक्षा जास्त असेल, तर शंभर शेळ्यांनी तोटा पाचपट होईल आणि कर्जाचा हप्ता वेगळा. त्याने आधी आहे त्या वीस शेळ्यांवर आणखी एक वेत काढावे. ज्यांचा आकडा उतरला आहे त्यांच्या वह्या गटात फिरवा, आणि पुढच्या जूनच्या शाळेत त्यांनाच पहिला वर्ग घ्यायला सांगा: काटा टांगायचा, पिशवी शून्यावर आणायची, आणि पहिले करडू उचलून आत ठेवायचे.